वाकणारा बंपर

(1996 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर हल्ली सगळेच बोलतात, मी आमच्या जीपच्या बंपरवर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "बोल. पण लोक जेवायला उठले तर मला बोलू नकोस." तेव्हा जेवणाची घंटा व्हायच्या आत संपवते.

आप्पांची जीप तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. नववीत असताना स्नेहसंमेलनाच्या मंडपाचं सामान तिच्यातूनच आलं होतं. शाळेच्या चढावर ती बंद पडली, तेव्हा धक्का मारणारी सहा-सात मुलं आज या सभागृहात आहेत. ती जीप अजून आमच्या घरी आहे. आप्पा आता ती चालवत नाहीत, पण रोज सकाळी तिच्याभोवती एक फेरी मारतात.

ऑगस्ट 2019 चा महापूर आपण सगळ्यांनीच सोसला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट धरतात. त्या वर्षी कृष्णा 57 फुटांवर गेली. आमच्या अंगणातली जीप चार दिवस पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर भावाने इंजिन खोललं, तेल बदललं, वायरिंग नवीन केलं आणि ती सुरू झाली. घरात पेढे वाटले. पुढच्या बंपरकडे मात्र कुणी बघितलं नाही. बाहेरून रंग होता, आतून गंज चालू होता.

दोन वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, मी घरून काम करायचं म्हणून पुण्याहून माहेरी आले होते. 22 जुलैच्या त्या एका दिवसात महाबळेश्वरला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. साताऱ्याकडे पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून घरं गाडली गेली. तिकडे पडलेलं पाणी इकडे यायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही जनावरं आणि माणसं उंचावर हलवत होतो. शेजाऱ्यांचा टेंपो चिखलात रुतला. आत एक म्हातारी, तीन शेळ्या आणि घरातली भांडीकुंडी. भावाने दोर आणला, एक टोक टेंपोला आणि दुसरं जीपच्या पुढच्या बंपरला बांधलं, आणि मी जीप मागे घेतली. पहिल्या हिसक्याला काही झालं नाही. दुसऱ्या हिसक्याला बंपर ब्रॅकेटसकट तुटून दोराबरोबर उडाला आणि टेंपोच्या दर्शनी पत्र्यात घुसला. क्षणभरापूर्वी भाऊ तिथेच उभा होता. म्हातारीने हाक मारली म्हणून तो बाजूला झाला होता.

दोर बंपरला बांधायचा नसतो, चासीला पक्क्या जोडलेल्या हुकाला बांधायचा असतो, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. माझ्याकडे सांगलीच्या वालचंद कॉलेजची इंजिनिअरिंगची पदवी आहे, पण ती कॉम्प्युटरची. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासून काटकोनात आणला होता, एवढाच माझा आणि लोखंडाचा संबंध.

तरीही मी ठरवलं की नवीन बंपर मी स्वतः करणार, आणि असा करणार की तो पुन्हा कधी तुटणार नाही. हा "कधी तुटणार नाही" शब्द लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं.

आपल्या वर्गातल्या एका मित्राचं वेल्डिंगचं दुकान आहे. नाव घ्यायचं नाही अशी त्याने तंबी दिली आहे. तो आत्ता शेवटच्या ओळीत बसला आहे. अठ्ठावीस वर्षांत जागा बदललेली नाही. दहावीला त्याचं गणित राहिलं आणि तो काकांच्या दुकानात कामाला लागला. मी त्याच्याकडे कॉम्प्युटरवर काढलेला आराखडा घेऊन गेले. पाच मिलिमीटर जाडीचा पत्रा, वर हेडलाइटपर्यंत पाइपची कमान, दोन्ही कडांना पुढे आलेली टोकदार शिंगं. परदेशी लोक डोंगरात गाड्या चालवतात, त्यांचे व्हिडिओ बघून मी ते काढलं होतं.

त्याने कागद उलटसुलट केला आणि दोन प्रश्न विचारले. पहिला, "वजन किती भरंल?" दुसरा, "आणि ह्ये कुणाला लागलं तर?"

पहिल्याचं उत्तर मी लगेच काढून दाखवलं. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा 7.85 किलो भरतो. म्हणजे पाच मिलिमीटरचा 39.25 किलो. कमान, ब्रॅकेट, शिंगं धरून सगळं मिळून 61 किलो. जुना बंपर 14 किलोचा होता. दुसऱ्या प्रश्नावर मी हसले आणि म्हटलं, "लागू नये म्हणूनच तर करतोय." तो काही बोलला नाही. आता वाटतं, त्याचा प्रश्न मी ऐकलाच नव्हता. मी गाडीला लागेल का याचं उत्तर देत होते. तो माणसाला लागेल का हे विचारत होता.

काम मात्र त्याने मनापासून शिकवलं. शनिवार-रविवार मी त्याच्या दुकानात. कमानीसाठी मी घरातला जुना नळाचा पाइप नेला होता, तो त्याने बाजूला फेकला. त्या पाइपवर जस्ताचा मुलामा असतो, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. पत्र्यावर खडूने खुणा कशा करायच्या, गुण्या कसा धरायचा, हे शिकले. आधी सगळीकडे छोटे टाके मारायचे आणि मगच पूर्ण शिवण घालायची, तीही एका टोकाकडून सरळ दुसऱ्या टोकाकडे नाही, तर आलटूनपालटून. कारण वेल्ड थंड होताना आकसतो आणि पत्रा आपल्याकडे ओढतो. मी घाईने एका बाजूने सलग वेल्ड मारला, तेव्हा संध्याकाळपर्यंत माझा सरळ बंपर केळ्यासारखा वाकला होता.

एकदा काच खाली न घेता नुसता एक टाका मारून बघितला. रात्री दोन वाजता डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं झालं. आईने काकडीचे काप ठेवले आणि रात्रभर मला ऐकवलं. ते इथे सांगत नाही.

बंपर पूर्ण होत आला होता तेव्हा, डिसेंबर 2021 मध्ये, देवराष्ट्र्याची बातमी आली. तुम्हाला आठवत असेल. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, आपल्याच जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या गाड्यांचे भाग जमवून मुलासाठी एक छोटी चारचाकी तयार केली होती. साधारण साठ हजार रुपये खर्च आणि मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला, कौतुक केलं, आणि त्याबरोबर हेही लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर चालवायला अडवतील. तेव्हा तिच्या बदल्यात आपण त्यांना नवी बोलेरो देऊ. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली.

मला या बातमीचा आनंद झाला आणि रागही आला. मी दुकानात मोठ्याने म्हणाले, "माणूस स्वतःच्या हाताने गाडी उभी करतो आणि याला नियम आठवतात!" मित्र ग्राइंडर थांबवून म्हणाला, "पोरासाठी केलीया ना गाडी? मग पोरगं बोलेरोत बसलेलं बरं. करणाऱ्याची कला ऱ्हाती की."

या वाक्याचा अर्थही मला तेव्हा लागला नाही. तो लागला त्याच जानेवारीत, आमच्या अंगणात.

नवीन बंपर जीपवर चढला होता. काळा रंग, लखलखीत. आप्पांनी सकाळची फेरी दोनदा मारली. पाटे वजनाने पुढून दबले होते, स्टिअरिंग जड झालं होतं, पण दिसायला जीप कशी रणगाड्यासारखी! संध्याकाळी वीज गेली. माझा भाचा, तेव्हा आठ वर्षांचा, चेंडूमागे पळत अंगणात आला आणि जीपच्या शिंगावर आपटला. जीप उभी होती. बंद होती. वेग होता तो फक्त एका पोराच्या धावण्याचा. भुवईवर सात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, अर्धा इंच खाली असतं तर डोळा गेला असता.

दवाखान्यातून येताना कुणी मला काही बोललं नाही. वहिनीसुद्धा नाही. तेच फार कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आपला मित्र ग्राइंडर घेऊन दारात उभा. "मी सांगितलं होतं" असं तो म्हणाला नाही. विचारलं, "पोरगं कसं हाय?" आणि मग, "शिंगं तू कापतीस का मी कापू?" मी कापली. कापताना रडले, हे त्याला माहीत आहे. आज तुम्हालाही सांगते.

शिंगं गेली, पण मग सगळाच बंपर मला वेगळा दिसायला लागला. विज्ञानाच्या सरांनी आठवीत की नववीत शिकवलेलं आठवलं. झेल घेताना हात मागे का घ्यायचे? चेंडू थांबायला जास्त अंतर मिळालं की हाताला मार कमी बसतो. पेपरात मी हे लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. आता हिशेब करा. गाडी ताशी 36 किलोमीटर वेगाने जाते आहे, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. समोरचा भाग चुरगळत अर्ध्या मीटरमध्ये गाडी थांबली, तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दहापट झटका बसतो. तीच गाडी काहीच न वाकता दहा सेंटिमीटरमध्ये थांबली, तर पन्नासपट. लोखंड वाकलं नाही म्हणून आपण खूश होतो. पण धडकेतली ऊर्जा कुठे तरी जाणारच. लोखंडाने ती घेतली नाही तर ती चासीत जाते, चासीतून आत बसलेल्याच्या मानेत आणि छातीत जाते, आणि समोर माणूस असेल तर त्याच्या हाडांत जाते.

म्हणजे मी "कधी तुटणार नाही" असा बंपर केला होता, तो आम्हालाच तोडणारा होता.

मग मी नियम वाचले. ते आधी वाचायला हवे होते. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपात मालकाने मनाने बदल करायचा नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून कळवलं की गाड्यांना पुढे बसवले जाणारे क्रॅश गार्ड आणि बुल बार या कलमाविरुद्ध आहेत. पादचाऱ्यांना आणि गाडीतल्यांना त्यापासून धोका आहे आणि ते बसवणाऱ्यांवर दंडाची कारवाई करावी, असं त्यात होतं. मी ज्याला सरकारी कटकट समजत होते, त्यात माझ्या भाच्याची भुवई आधीच लिहिलेली होती.

आज तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे नव्या गाड्या आहेत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. एअरबॅग असलेल्या गाडीला पुढे असलं काहीही बसवू नका. एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर गाडीला बसलेल्या झटक्यावरून ठरवतो. कंपनीने गाड्या आपटून आपटून ते गणित बसवलेलं असतं. पुढे कडक लोखंड आलं की झटक्याचं स्वरूपच बदलतं आणि एअरबॅग चुकीच्या वेळी उघडू शकते किंवा नको तेव्हा बंद राहू शकते. मी प्रोग्रॅम लिहिते, म्हणून मला हे चांगलं कळतं. दुसऱ्याने तपासून बसवलेल्या गणितात मधेच हात घातला की उत्तर काय येईल ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आमच्या जुन्या जीपला एअरबॅग नाहीत, आणि तिचा मूळ बंपरही सरळ लोखंडी चॅनलचाच होता. म्हणून आम्ही त्याच्याकडे परत गेलो. तुटलेला गंजका बंपर भंगारातून शोधून काढला, मापं घेतली आणि त्याच मापाचा दुसरा केला. वजन 14 किलोच्या जवळपास. लांबी मूळ होती तेवढीच, मडगार्डच्या बाहेर काही नाही. टोकं आत वळवलेली आणि सगळ्या कडा गोटीसारख्या गोल घासलेल्या. भाच्याने स्वतः हात फिरवून मंजुरी दिली. ओढण्यासाठीचे हुक बंपरवर न ठेवता थेट चासीला बोल्टने बसवले. बंपर आणि चासी यांच्यामध्ये पातळ पट्टीचे ब्रॅकेट दिले. धक्का बसला तर आधी ती पट्टी वाकेल, चासी नाही. ही कल्पना मित्राची. मी विचारलं, "मुद्दाम कच्चं करायचं?" तो म्हणाला, "कायतरी कच्चं असावं लागतंय गं. न्हाईतर सगळंच मोडतंय."

रानात बाभळीच्या खोडावर चालण्याच्या वेगाने जीप मुद्दाम टेकवून बघितली. पट्टी तीन-चार सेंटिमीटर वाकली, चासी जागच्या जागी. नवीन पट्टी बसवायला पाऊण तास आणि तीनशे रुपये. पुढे जीपच्या नोंदणीचं नूतनीकरण करायला गेलो, तेव्हा तपासणाऱ्या साहेबांनी बंपर निरखून बघितला आणि विचारलं, "मूळचाच आहे ना?" मी खरं ते सांगितलं: मूळ मापाचा, नवीन केलेला. त्यांनी कडांवरून बोट फिरवलं आणि पुढे गेले. माझ्या आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुठलीच परीक्षा पास झाले नव्हते.

आता शेवटचं, आणि ज्यासाठी मी हे सगळं सांगितलं ते.

आपल्या शाळेपासून थोड्याच अंतरावर किर्लोस्करवाडी आहे. लहानपणी तिथल्या भोंग्यावर आपण घड्याळ लावायचो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत ड्रॉइंग शिकवत होते, मग बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर केला. तो घ्यायला शेतकरी तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष पसरेल असं त्यांना वाटायचं. 1910 मध्ये औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळच्या माळावर त्यांना जागा दिली. म्हणजे आज साताऱ्यात असलेल्या औंधच्या राजाच्या जमिनीवर आज सांगलीत असलेला कारखाना उभा राहिला. सातारारोडला कूपर यांचा कारखाना उभा राहिला तोही याच पट्ट्यात. कागदावरची रेघ आणि हातातलं लोखंड यांना एकत्र आणणारी माणसं या भागात होती. देवराष्ट्र्याचे लोहार हे त्यातलेच. शेवटच्या ओळीत बसलेला आपला मित्रही त्यातलाच.

आपल्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मुलं सुतारकामाच्या खोलीत जायची आणि आम्ही मुली शिवणाला. कुणी दुष्टपणाने केलं असं नाही, तेव्हा सगळीकडे तसंच होतं. पण वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी वेल्डिंगचा रॉड हातात धरला नव्हता, आणि आपल्या मित्राला त्याचं गणित किती पक्कं आहे हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. "हे कुणाला लागलं तर?" हा प्रश्न कुठल्याही इंजिनिअरने विचारायचा पहिला प्रश्न आहे. मी चार वर्षं कॉलेजात आणि वीस वर्षं नोकरीत असून विचारला नाही. गणितात राहिलेल्या मुलाने तो पहिल्या दिवशी विचारला.

सुतारकामाची ती खोली आता मोडक्या बाकांनी भरलेली आहे, मी काल बघून आले. मुख्याध्यापकांशी बोलले आहे. आपल्या तुकडीने ती खोली रिकामी करून द्यावी, दोन पक्की टेबलं, शेगडे, कानशी, गुण्या, चष्मे आणि हातमोजे द्यावेत. महिन्यातून दोन शनिवार आठवी-नववीच्या मुलामुलींना, दोघांनाही, हाताचं काम शिकवावं. वेल्डिंग सुरुवातीला नुसतं दाखवायचं, तेही काच लावून. आईची काकडी सगळ्यांना परवडणार नाही. लोखंड आणि लाकूड आपला मित्र शिकवेल, तो तयार आहे. मापं, आराखडा आणि गणित मी शिकवीन; पुण्याहून यायचं माझ्यावर. पैशांची यादी दारापाशी ठेवली आहे, पण पैशांपेक्षा ज्यांच्या हातात काही कला आहे त्यांनी आपलं नाव आणि एक शनिवार लिहावा.

भाचा आता अकरा वर्षांचा आहे. भुवईवरची खूण राहिली आहे. पहिल्या शनिवारी तो येणार आहे. त्याला काय करायचंय असं विचारलं, तर म्हणाला, "आत्या, गोल कडांचं काहीतरी."

घंटा व्हायच्या आत संपवलं. जेवायला चला.